लेव्हल २१

गेम बनवते म्हटलं की लोकांना वाटतं, ही राक्षस रंगवत असेल, नाहीतर कोड लिहीत असेल. मी स्प्रेडशीट भरते. हुद्दा प्रोग्रेशन डिझायनर. खेळणाऱ्याला कोणती गोष्ट किती वेळाने मिळणार, हे ठरवायचं काम. कोणता शत्रू मारला की किती एक्सपी (अनुभवाचे गुण, ते साठले की लेव्हल वाढते), कितव्या लेव्हलला कोणतं कौशल्य, तलवार सुधारायला लोखंड किती. हजारो आकडे असतात आणि ते नीट बसले तर खेळणाऱ्याला त्यातला एकही दिसत नाही. तो एक्सपीच्या पट्टीकडे बघायला लागला की समजायचं, आपलं कुठेतरी चुकलं.

या कामाचा मला अभिमान आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. पहिल्या तासात दर आठ-दहा मिनिटांनी काहीतरी नवं हातात पडलं पाहिजे. मग हे अंतर वाढवत न्यायचं, पण एकसारखं नाही. एकसारखं वाढलं की माणसाला लगेच वास येतो. मोठ्या बॉसच्या, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या तगड्या शत्रूच्या, आधी थोडा हात आखडता घ्यायचा आणि तो पडला की दोन लेव्हल भराभर देऊन टाकायच्या. नवा प्रदेश उघडला की पहिली पंधरा मिनिटं काहीच द्यायचं नाही, कारण तेव्हा बघणं हेच बक्षीस असतं. चौदा वर्षांत हे हातात बसलंय. कंटाळासुद्धा मला स्क्रीनवरून ओळखता येतो. कंटाळलेला माणूस गरज नसताना उड्या मारत चालायला लागतो.

हा गेम मालिकेतला तिसरा. सुरुवातीला आम्हाला त्यात एक नवी गोष्ट हवी होती. तुम्ही ज्या शत्रूला अर्धमेला सोडून गेलात, तो तुम्हाला लक्षात ठेवेल, वर चढेल आणि पुन्हा समोर येऊन जुना हिशेब काढेल. ही कल्पना काही मुळात आमची नव्हती. २०१४च्या ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’ या गेममध्ये नेमेसिस नावाने ती आली आणि सगळा उद्योग थक्क होऊन बघत राहिला. पण तो गेम काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्सला २०२१मध्ये तिचं पेटंट मिळालं. ते २०३६पर्यंत चालेल. आमच्या वकिलांनी दोन पानी ईमेल पाठवली, तिचा मथितार्थ एवढाच की उगाच विस्तवात हात घालू नका. वाट काढता आली असती, पेटंटच्या शब्दांना बगल देऊन वेगळं काही करता आलं असतं. त्याला सहा महिने लागले असते. सहा महिने कुणी दिले नाहीत. मग नकाशावर बुरूज आले. बुरुजावर चढा, आजूबाजूचे आयकॉन उघडा, एकेक करून पुसा. दहा वर्षं सगळे हेच करताहेत, म्हणून यात धोका नाही, असं एका बैठकीत ठरलं.

रिलीजला अकरा आठवडे असताना प्रॉडक्ट मॅनेजर माझ्या टेबलाशी आला. त्याला ‘टाइम सेव्हर पॅक’ विकायचा होता. पैसे भरा, एक्सपी दीडपट मिळवा. एकट्याने खेळायच्या गेममध्ये, जो लोकांनी आधीच पूर्ण पैसे मोजून घेतलाय! माणूस वाईट नाही आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटंही नव्हतं. मोठ्या गेमची किंमत २००५-०६ पासून २०२०पर्यंत ६० डॉलरवर अडकून होती, नंतर ७० झाली; दरम्यान बनवायचा खर्च कुठल्या कुठे गेला. खड्डा कुठूनतरी भरायचा होताच. पण त्याने आणलेला उपाय असा की आख्ख्या गेमचा एक्सपी मल्टिप्लायर १.० वरून ०.६५ करून टाक. म्हणजे पॅक घेतला की माणूस जेमतेम मूळ वेगावर येणार.

२००६ साली ‘ऑब्लिव्हियन’ या गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं, तेव्हा जग हसलं होतं. पण निदान ते खपावं म्हणून कुणी आधी घोडा लंगडा केला नव्हता.

मी नाही म्हणाले का? नाही. मी म्हणाले, “असं सरसकट केलंस तर पकडले जाऊ.”

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. त्यात ‘करू नको’ कुठेच नाही.

पहिले दोन तास हात लावायचा नाही, हे त्यालाही माहीत होतं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात २ तासांहून कमी खेळलेला गेम १४ दिवसांत परत करता येतो, त्यामुळे या उद्योगात पहिले दोन तास नेहमीच दिवाळखोरासारखे उदार असतात. त्याच्यापुढचं मी सांगितलं. लेव्हल १८पर्यंत सगळं आहे तसं ठेवायचं, कारण तोवर माणसाला गेमची लय लागते आणि तो विश्वास टाकतो. १८ ते २७ या पट्ट्यात ०.६५. डोंगरापलीकडचा दरवाजा लेव्हल २४ला उघडतो, तो मधोमध पडतो. २७नंतर पुन्हा १.०, म्हणजे शेवट गोड लागतो आणि माणूस मित्राला चांगलंच सांगतो. कपात एका जागी न टाकता चार ठिकाणी वाटली: थोडी शत्रूंत, थोडी साइड क्वेस्टमध्ये (मुख्य गोष्टीबाहेरच्या छोट्या कामगिऱ्या), थोडी शोधाच्या बक्षिसात, थोडी लेव्हलच्या उंबरठ्यात. कुठलाही एक आकडा बघून काही कळू नये. काम सुबक झालं. दीड दिवस लागला. बदलाची नोंद करायला शीटमध्ये एक रकाना असतो, त्यात कारण म्हणून मी ‘पेसिंग’ लिहिलं, म्हणजे गेमचा वेग नीट बसवणं.

मग तीन दिवसांची प्लेटेस्ट. बाहेरची बारा माणसं खेळतात आणि आम्ही शेजारच्या खोलीत बसून त्यांची स्क्रीन, चेहरा आणि हात बघतो. त्यांची नावं आम्हाला सांगत नाहीत, नुसते नंबर असतात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पी-७ बघत होते. पन्नाशी ओलांडलेला, शांत गृहस्थ. आदल्या दिवशी प्रत्येक झोपडीत डोकावून बघायचा, दरवाजा आपल्यामागे बंद करायचा. गेममध्ये दरवाजा बंद करणारी माणसं फार थोडी असतात.

लेव्हल २१ला तो डोंगराच्या दाराशी आला. दार म्हणालं, २४. त्याने नकाशा उघडला, जरा वेळ बघितला आणि मागे फिरला. वाटेत उड्या सुरू झाल्या.

माझ्या शेजारी आमची क्वेस्ट लिहिणारी बसली होती. तिने एका नावाड्याची गोष्ट लिहिली होती, रोज रात्री रिकामी नाव पलीकडे नेऊन परत आणणाऱ्याची. मूळ शीटप्रमाणे ती करायची काही सक्ती नव्हती. नदीकाठाने भटकणाऱ्याला सापडली तर सापडली. आता २४ गाठायचं तर प्रदेशातल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी करणं भाग होतं. पी-७ नावाड्याकडे गेला, बोलला आणि बटण दाबत सुटला. टक, टक, टक. त्यात एक ओळ होती: “नुसती नाव सरळ चालत नाही, म्हणून ती बसायची तिथे दगड ठेवतो.” ही ओळ तिने नऊ वेळा लिहिली होती. ती अर्धा सेकंद दिसली आणि गेली. काल दरवाजे लावत फिरणारा माणूस होता हा. ती मला म्हणाली, “माझ्या गोष्टीचा गृहपाठ झाला गं.” मी शीटबद्दल काही बोलले नाही. तिला माहीत नव्हतं.

संध्याकाळी मॉडरेटरने नेहमीचा प्रश्न विचारला, मधे कुठे कंटाळा आला का? मी शिव्या ऐकायच्या तयारीने बसले होते. खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या. एकाने जरी ‘इथे काहीतरी काळंबेरं आहे’ म्हटलं असतं, तरी तो कागद नाचवत मी वर गेले असते. पी-७ म्हणाला, “नाही हो, गेम चांगला आहे. मीच हल्ली लवकर थकतो. वय झालं बहुतेक.” मग थोडं थांबून, “तो पॅक दाखवला ना तुम्ही, तो घेईन मी. माझ्यासारख्यांची सोय आहे ती.”

प्रॉडक्ट मॅनेजरने हे वाक्य जसंच्या तसं स्लाइडवर टाकलं.

पकडलं कुणीच नाही. बारापैकी चौघांनी ‘मधे थोडं रेंगाळतं’ म्हटलं, बाकीच्यांनी तेही नाही. ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’च्या पुढच्या भागात, २०१७च्या ‘शॅडो ऑफ वॉर’मध्ये, पैसे देऊन ऑर्क (त्यातले राक्षसी योद्धे) मिळायचे. लोकांनी इतका आरडाओरडा केला की २०१८च्या जुलैत तो बाजार काढावा लागला, आणि नेमेसिसच्या मुळावरच तो येत होता हे बनवणाऱ्यांनीच कबूल केलं. शेवटचा लांबलेला भागही त्याच वेळी आटोपशीर केला. आमच्या वरिष्ठांनी यातून धडा घेतला, पण तो असा की दिसेल असं काही करायचं नाही. (ते दोन्ही गेम बनवणारा स्टुडिओ २०२५च्या फेब्रुवारीत बंद झाला. पेटंट मात्र जागेवर आहे.)

गेम निघाला, बरा चालला. पॅक अपेक्षेपेक्षा जास्त खपला. पहिल्या दिवशी नेटवर बोंब मारणारेही प्री-ऑर्डर करूनच बोंब मारत होते. त्यांच्याकडून मला फारशा आशा नाहीत. सात महिन्यांनी विक्री ओसरली, तेव्हा पॅचमध्ये, म्हणजे मागाहून पाठवलेल्या दुरुस्तीत, आम्ही तो पट्टा १.० वर आणला. ‘खेळाडूंच्या भावनांचा आदर करून एक्सपीत भरघोस वाढ.’ लोकांनी आभार मानले. कुणीतरी हृदयाचं चित्र पाठवलं. क्वेस्ट लिहिणारी तोवर नोकरकपातीत गेली होती. मायक्रोसॉफ्टने २०२३च्या ऑक्टोबरात ६८.७ अब्ज डॉलरना ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही गेम कंपनी घेतली आणि पुढच्याच जानेवारीत गेमिंगमधल्या १९०० जणांना घरी पाठवलं. आमच्याकडचा आकडा लहान, म्हणून त्याची बातमीही झाली नाही.

मी हे आज लिहितेय त्याला कारण आहे. नव्या गेमचं काम सुरू झालंय. नवं शीट कुणी कोऱ्या पानावरून करत नाही, जुनं उचलून बदलतात. पॅचचे आकडे वेगळ्या फाइलमध्ये असतात, त्यामुळे नव्या मुलाने उचललं ते रिलीजच्या दिवसाचं शीट. काल त्याने सगळ्या लेव्हलचा आलेख काढला. हुशार मुलगा आहे, चार ठिकाणी वाटलेली कपात त्याने एकत्र करून बघितली. ते मी कुणाला करू दिलं नव्हतं. १८ ते २७च्या मधे खड्डा पडलेला त्याला दिसला. शेजारी माझं नाव आणि माझा शेरा.

“मॅडम, हे भारी आहे,” तो म्हणाला. “हा पेसिंगचा खड्डा आपण याही गेममध्ये ठेवायचा ना?”

मी त्याला सोमवारी बोलू म्हणून सांगितलंय.