बाभळीखालची हिरवी बशी

मे अखेर, बीड जिल्ह्यातला एक बांध. चुनखडीची काळी जमीन, सामू (pH, आम्ल-अल्कतेचं माप) ८.३. पहिल्या पावसाबरोबर मातीतून किती अमोनिया उडतो ते आम्ही मोजत होतो. बाभळीखाली तीन डबे, उघड्या रानात तीन.

२० सेंमी व्यासाच्या पाइपचे तुकडे ५ सेंमी खोल ठोकले, प्रत्येकात ३१४ मिलि पाणी शिंपडलं, म्हणजे १० मिमी पाऊस. आत तिवईवर २ टक्के बोरिक आम्लाची बशी, वर झाकण, कडेला ग्रीस. झाकणावर ओलं पांढरं फडकं हवंच, नाहीतर डबा तापतो आणि मोजणी मातीची न राहता उन्हाची होते.

दर्शक (रंग बदलणारं द्रव्य) घातलेलं बोरिक आम्ल गुलाबी असतं, अमोनिया मुरला की हिरवं होतं. याला तास लागतात. त्या दिवशी बाभळीखालची एक बशी चहा संपायच्या आत हिरवी! शेजारच्या दोन्ही गुलाबीच. बशी नीट धुतली नसेल म्हणून बदलली, तीही हिरवी. झाकण उचललं तर नाकात झणका गेला.

शेतमालक हसले, "सर, दुपारभर शेळ्या इथंच बसतेत की."

शेळ्या मुततात त्या जागेवरच डबा ठोकला होता. मूत्रातल्या युरियाचं विघटन होताना तेवढ्या जागेचा सामू ९ च्या वर जातो आणि अमोनियमचा अमोनिया वायू होऊन निघून जातो. तो डबा बाद केला, झाडाच्या दुसऱ्या अंगाला नवा ठोकला.

संध्याकाळपर्यंत सावलीतल्या बश्याही हिरवट झाल्या, उघड्यावरच्या जेमतेम बदलल्या. पाला, शेंगा, लेंड्या सगळं झाडाखालीच साठतं. कोरड्या मातीत मेलेले जीवाणू ओल मिळताच कुजतात आणि अमोनियम मोकळं होतं. काळ्या मातीतली चिकण त्यातलं बरंच धरून ठेवते, वाळवंटी रेतीला ते जमत नाही. तिथे तर नुसत्या उष्णतेनंही नत्र उडतो: ५० अंशांच्या आसपास तापलेल्या मातीतून तो जीवाणूंविना निघतो, हे अमेरिकेतल्या मोजावे (Mojave) नावाच्या वाळवंटातल्या कामातून २००९ मध्ये पुढे आलं.

हिशेब सोपा आहे. टायट्रेशनला, म्हणजे हिरवी बशी पुन्हा गुलाबी होईपर्यंत थेंबथेंब आम्ल घालायला, ०.०२ नॉर्मल गंधकाम्ल १ मिलि लागलं तर ०.२८ मिग्रॅ नत्र. या पाइपच्या क्षेत्रफळावर ते हेक्टरी सुमारे ८९ ग्रॅम पडतं. बंद डब्यात वारा नसतो, म्हणून खरा आकडा याहून जास्तच धरावा.

मातीच्या नमुन्यांचा मात्र घोळ झाला. नेहमीच्या माती परीक्षणासारखे मदतनिसाने ते सावलीत वाळत घातले. अमोनियम आणि नायट्रेट मोजायचं तर माती ओलीच, बर्फात आणायची; वाळवली की आकडे बदलतात. १० ग्रॅम मातीला ५० मिलि २ मोलर पोटॅशियम क्लोराइड, तासभर हलवून गाळायचं. सगळे नमुने टाकून दुसऱ्या दिवशी पहाटे, शेळ्या यायच्या आत, पुन्हा घेतले.