घोटाआधीची दोन वाक्यं

लिथुआनियन माणूस मितभाषी असतो, हे इथे येण्याआधी ज्याने त्याने मला सांगून ठेवलं होतं. खोटं नाही ते. काउनासमधल्या आमच्या जिन्यात कुणी भेटलं तर ‘लाबस’ म्हणतं आणि आपल्या वाटेने जातं. कुठे निघालात, पोरं काय म्हणतायत, आज भाजी कसली, असल्या चौकशा नाहीत. आणि मग एखाद्या वाढदिवसाला याच माणसाच्या हातात जेमतेम 50 मिलिलिटरचा चिमुकला ग्लास येतो. तो खुर्ची मागे सारून उभा राहतो, घसा साफ करतो आणि भर टेबलावर मेव्हण्याला सांगतो, की तू तेव्हा धावून आला नसतास तर माझं काही खरं नव्हतं. मेव्हणा मान हलवतो. ग्लास भिडतात, सगळे पितात आणि लगेच कुणीतरी हेरिंग माशाची बशी पुढे सरकवतं. झालं बोलून! आता पुढच्या वाढदिवसापर्यंत बघायला नको.

मी दारू पीत नाही. तरी या भाषेचा माझा पहिला धडा झाला तो असल्याच टेबलावर, कारण शिकवणी घेतली शेजारच्या आजोबांनी. व्याकरण मागाहून येईल, म्हणाले. आधी पाहुणी म्हणून उभं राहून काय बोलायचं ते शिक. त्यांचा अभ्यासक्रम सुरू झाला ‘ई स्वेइकाता’पासून. तब्येतीसाठी. हे ग्लास उचलताना म्हणायचं, कुणी शिंकलं तरी हेच म्हणायचं, आणि जेवून उठताना पाहुण्याने आभार मानले तर यजमानानेही हेच म्हणायचं. दोन शब्दांत इतकी कामं उरकणारी भाषा आळशी विद्यार्थ्याला बरी वाटते. मग आलं ‘उझ’, म्हणजे अमक्यासाठी, अमक्याच्या नावाने. त्याला पुढे काहीही जोडा: मैत्री, प्रेम, घरधनीण, नवी गाडी. जोडताना शब्दाचं शेपूट बदलतं, आणि ते चुकलं तर आजोबा ग्लास हवेत तसाच धरून थांबतात. पेय कोमट झालं तरी चालेल, द्वितीया बरोबर पाहिजे.

नावांची तर आणखीच गंमत. पुरुषाचं नाव परदेशी असलं तरी त्याला इथलं शेपूट लागतं. आमच्या ओळखीचा एक प्रकाश इथे ‘प्रकाशास’ झाला आहे, आणि ग्लास उचलून त्याला हाक मारायची तर संबोधनात ‘प्रकाशाय’ म्हणावं लागतं. त्याला आपण संस्कृतच्या तासाला बसल्यासारखं वाटतं म्हणे. (लिथुआनियन आणि संस्कृत यांच्या नात्यावर इथे भेटणारा प्रत्येक मराठी माणूस एक व्याख्यान देतो. मी ते ऐकून घेते.) माझं नाव आकारान्त आहे, त्यामुळे माझी सुटका झाली.

शब्दांपेक्षा अवघड आहेत त्या रीती. यजमान बोलल्याशिवाय ग्लासाला ओठ लावायचा नाही. ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, आणि टेबलावर दहा जण असतील तर दहाही जणांच्या, एकेकाच्या. आपल्याला सवय ग्लासाकडे बघण्याची. सांडेल की काय ही काळजी. इथे सांडलं तर पुसता येतं, नजर चुकवली तर मात्र लक्षात राहतं. पहिल्यानंतर दुसरा घ्यावाच लागतो, कारण एका पायावर उभं राहता येत नाही. तिसऱ्याची सबब थेट देवाची: देवाला त्रयी आवडते. पुढची कारणं ज्याच्या त्याच्या प्रतिभेवर.

जुन्या काळी खेड्यात प्रत्येकाला वेगळा ग्लास नसे, टेबलाभोवती एकच फिरे. पिणारा शेजाऱ्याकडे वळून त्याला आयुरारोग्य चिंती, पिऊन भरून त्याच्या हाती देई, मग तो पुढच्याकडे वळे. म्हणजे नुसतं पिऊन मोकळं होण्याची सोय नव्हती. शेजारी बसलेल्याशी बोलणं भाग होतं, मग त्याच्याशी बांधावरून भांडण का असेना. त्याही आधी मान होता जमिनीचा. प्रशियाच्या हद्दीतल्या लिथुआनियन लोकांमध्ये राहिलेल्या माथेउस प्रेटोरियस या पाद्र्याने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवलंय, की हे लोक बिअर पिण्याआधी थोडी जमिनीवर ओततात आणि झेमीनेलेची, म्हणजे धरणीमातेची, प्रार्थना करतात. तिने फुलावं, पिकावं म्हणून. पाद्रीबुवांना हा प्रकार अर्थातच पसंत नव्हता, पण त्यांनी तो इतका बारकाईने टिपला की आज आपल्याला त्यांचेच आभार मानावे लागतात.

ग्लासात काय असावं, यावर शेजारच्या आजींचा शब्द शेवटचा. मिदुस ही मधाची दारू. स्टाक्लिश्केस गावात 1959 पासून ती रीतसर कारखान्यात होते. बिअर उत्तरेकडे बिर्झाई भागातली, शेतकऱ्यांच्या घरची. पण घरात मानाची जागा क्रुपनिकासला, म्हणजे मध-मसाल्याच्या कडक दारूला. तो आजी स्वतः करतात आणि मी बघत उभी असते. पातेल्यात मध आणि पाणी मंद आचेवर चढवायचं, वर पांढरा फेस आला की चमच्याने अलगद काढून टाकायचा. मग दालचिनी, लवंग, जायफळ, संत्र्याची साल आणि वेलदोडे. हे वेलदोडे माझ्याकडचे. पूर्वी आजी पाकिटातली पूड वापरायच्या. एकदा मी सांगलीहून आणलेले अख्खे वेलदोडे त्यांच्या हातावर ठेवले, त्यांनी एक फोडून हुंगला आणि पूड तिथल्या तिथे केराच्या डब्यात गेली. तेव्हापासून माझ्या सुट्टीच्या तारखांची चौकशी जिन्यातही होते. मसाल्याचा अर्क उतरला की पातेलं खाली घ्यायचं, शेगडी बंद करायची, आणि मगच त्यात स्पिरिट, म्हणजे पिण्याचा तीव्र मद्यार्क, ओतायचं. हा क्रम चुकला तर भुवया जळतात, असं आजी आजोबांकडे बघत सांगतात. फडक्यातून गाळून बाटल्या भरतात, त्या काही आठवडे कपाटात जातात. थंडीत तो कोमट करून देतात तेव्हा स्वयंपाकघरात असा काही दरवळ सुटतो, की न पिणाऱ्यालाही नाकाने सामील व्हावं लागतं.

हे सगळं ऐकून हा देश नुसता पीतच असतो असं वाटेल. प्यायचाही. काही वर्षांपूर्वी जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांत माणशी मद्यपानात लिथुआनिया जगात अगदी वरच्या देशांत होता. मग 2018 च्या पहिल्या दिवसापासून कायदा कडक झाला: विकत घ्यायचं वय 20, जाहिराती बंद, दुकानातली विक्री रात्री आठपर्यंत आणि रविवारी दुपारी तीनपर्यंतच. परवान्याच्या राज्यातून आलेल्या मला त्यात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते जुन्या गोष्टीचं. 1858 साली मोतियेयुस वालानचुस या बिशपने गावोगाव दारू सोडण्याच्या शपथा देवविल्या, आणि त्या लोकांनी इतक्या मनावर घेतल्या की तेव्हा इथे राज्य करणाऱ्या रशियन झारच्या सरकारचं दारूच्या कराचं उत्पन्न घसरलं. 1864 मध्ये सरकारने बंदी घातली. दारूवर नाही, दारूबंदीच्या चळवळीवर!

काही दिवशी बोलण्याचीही वेगळी शिस्त असते. नाताळच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे कूचोसला, बारा पदार्थ मांडतात, त्यांत मांस नसतं आणि जुन्या रीतीने दारूही नसते. अंत्यविधीनंतरच्या जेवणात ग्लास उचलतात, पण भिडवत नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल कुणी दोन वाक्यं बोलतं, ग्लास तसेच ओठांना लागतात. एवढ्या माणसांच्या खोलीत तो ‘टिण’ आवाज होत नाही, तेव्हा कळतं की एरवी आपण त्याच्यावर किती विसंबून असतो. आणि आजोबांचा स्वतःचा एक शब्द आहे, तो ते वर्षातून एकदा 13 जानेवारीला उच्चारतात: ‘उझ लाइस्वे’, स्वातंत्र्यासाठी. 1991 च्या त्या रात्री सोविएत रणगाडे विल्न्युसच्या टीव्ही टॉवरवर चालून गेले, माणसं मारली गेली, राजधानीचं प्रक्षेपण तुटलं आणि मग काउनासच्या छोट्या स्टुडिओतून ते सुरू राहिलं. त्या स्टुडिओबाहेर पहाऱ्याला उभ्या राहिलेल्या गर्दीत आजोबा होते. पण त्या दिवशी ते भाषण करत नाहीत. दोन शब्द म्हणतात, बसतात.

लग्नात मात्र लाजायला कुणी मागत नाही. जेवण रंगात आलं की पाहुणे ओरडायला लागतात, ‘कार्तू! कार्तू!’ कडू आहे, कडू आहे! वाइन कडू लागतेय म्हणे, आणि नवरा-नवरीने सगळ्यांसमोर मुका घेतल्याशिवाय ती गोड होत नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थेट आमच्याकडची पंगत आठवली: घास हातात, समोर आत्या-मावश्या ठाण मांडून बसलेल्या, ‘नाव घे, नाव घे’! उखाण्याचं काम तरी दुसरं काय होतं? जी गोष्ट एरवी तोंडून निघणार नाही ती सक्तीने, यमकात बसवून, चारचौघांत वदवून घ्यायची. नाइलाज झाला म्हणून बोलले, असं म्हणायची सोयही राहते. मेव्हण्याचं ऋण मानणाऱ्या त्या घोगऱ्या आवाजाच्या माणसालाही हीच सोय लागते. हातात ग्लास असतो म्हणून तो बोलतो. रिकाम्या हाताने तेच बोलायला लावलं तर दार उघडून निघून जाईल.

मला हे जमतंय का? बऱ्यापैकी. वाक्यं आदल्या दिवशी पाठ करते, शेपटं तपासून घेते, नजर चुकवत नाही. वाद आहे तो माझ्या ग्लासात काय, याचा. पाण्याने केलेली शुभेच्छा लागत नाही, हे आजींचं ठाम मत. डोळ्यांत बघितलं म्हणजे लागते, हे आजोबांचं. 24 जूनला योनिनेस, म्हणजे योनास नावाच्यांचा सण आहे, आजोबांचं नाव योनास, म्हणजे त्या दिवशी ओकच्या पानांची माळ त्यांच्याच दाराला लागणार आणि बोलायची पाळी माझ्यावरही येणार. सध्या दोघांचं ‘गिरा’वर एकमत झालं आहे. ती राय नावाच्या धान्याच्या पावाची, आंबवलेली, तपकिरी. नशा चढण्याइतकी नसते, पण फेस येतो, आणि फोटोत बिअर म्हणून सहज खपते. सांगलीला फोटो पाठवताना तेवढं एक सांभाळावं लागेल.