तीन टनी फोर्कलिफ्ट आणि सव्वादोन टनांची पेटी

भिवंडीत गोडाऊन सांभाळायला लागून मला तेरा वर्षं झाली. नवीन पोरगा कामाला लागला की दुसऱ्या दिवशी विचारतो, "दादा, फोर्कलिफ्ट कधी शिकवणार?" मी त्याच्या हातात ट्रॉलीचा दांडा देतो. कागदावर ती 'हॅन्ड पॅलेट ट्रक'. दांडा वरखाली पंप केला की अडीच टनांपर्यंतचा माल जमिनीपासून सुटतो. वीतभरही उचलत नाही, पण ओढायला तेवढं पुरतं. डिझेल नको, चार्जिंग नको. उतारावर मात्र माणूस तिला ओढत नाही, ती माणसाला ओढते. आणि पॅलेट (ज्यावर माल रचतात ती लाकडी चौकट) खालून फळ्यांनी बंद असेल तर पुढची चाकं फळीवर येतात. पंप मारला की फळी करकर उचकटते.

रॅकच्या दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यावर माल ठेवायला स्टॅकर, म्हणजे माल उंच उचलणारी छोटी गाडी, आहे. मध्यंतरी भाड्याने रीच ट्रक, म्हणजे अरुंद गल्लीत उंच माल ठेवणारी गाडी, आणला होता. फोर्कलिफ्टला गल्ली साधारण 4 मीटर लागते, तो 3 मीटरच्या आत वळतो, म्हणजे रॅकची एक ओळ वाढते. पण त्याची चाकं लहान आणि आमची फरशी जुनी, जागोजागी फुटलेली. वर 7 मीटरवर पॅलेट आणि खाली चाक खड्ड्यात, तेव्हा मास्ट (माल वर नेणारा उभा खांब) जो डुलायचा तो बघवत नसे. महिन्यात परत पाठवला. आधी फरशी, मग मशीन, हे शहाणपण भाडं भरून आलं.

फोर्कलिफ्टचा धडा तर फुकटच मिळाला. मशिनरीची लाकडी पेटी आली होती, दोन मीटर लांब, सव्वादोन टनांची. आमची फोर्कलिफ्ट तीन टनी, म्हणून कुणी विचारच केला नाही. ट्रकमध्ये अरुंद बाजू पुढे होती, ऑपरेटरने तिकडूनच फोर्क, म्हणजे पुढचे दोन लोखंडी दात, घातले. पेटी वीतभर उचलली आणि मागची चाकं जमिनीवरून सुटली. फोर्कलिफ्ट वळते मागच्या चाकांवर, त्यामुळे स्टिअरिंग हातात नुसतं गरगर फिरायला लागलं.

"गाडी उलाळ झाली की!" हमालमामा ओरडले. बैलगाडीत मागे भार जास्त झाला की जू वर उडतं, तसंच, फक्त उलट्या बाजूने. दोघं जण वजन द्यायला मागे चढायला धावले, त्यांना मी शिव्या घालून थांबवलं. (हा उपाय मी इतक्या गोडाऊनांत पाहिलाय की लोकांना तो नियमच वाटतो.)

पेटी हळूच खाली टेकवली. ट्रकची बाजूची फळी उघडून लांब बाजूने फोर्क घातले, तर तीच पेटी निमूट उतरली. मग ऑपरेटरने डॅशबोर्डजवळची प्लेट फडक्याने पुसली. ऑईलच्या थराखाली लिहिलं होतं: 3000 किलो, 500 मिलिमीटरवर. फोर्कच्या मुळापासून भाराचा मध्य अर्ध्या मीटरवर असेल तरच तीन टन. अरुंद बाजूने उचलल्यावर आमच्या पेटीचा होता एक मीटरवर.

"म्हणजे इतकी वर्षं ही अर्धीच गाडी होती?" मामांनी विचारलं.