नवतपा, पण डेथ व्हॅलीतला

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, सोसलेला नागपूरचा माणूस उन्हाला काय भिणार, या तोऱ्यात मी जुलैत भाड्याची तीनचाकी मोटरसायकल घेऊन अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत उतरलो.

गाडीला पुढे दोन चाकं, मागे एक. आपली ऑटो उलटी करावी तशी. ही वळणावर झुकत नाही. हँडल वळवायचं आणि बाहेर फेकलं जाणारं अंग सावरून धरायचं. ब्रेक फक्त उजव्या पायाशी, त्यामुळे पहिल्या काही वळणांवर माझी बोटं नसलेला ब्रेक आवळत होती.

नेवाडातल्या बीटी गावातून पहाटे पाचला निघालो. डेलाइट पासची खिंड साधारण 1,300 मीटरवर, तिथे हवा बरी होती. मग उतार लागला. दरीतली फर्नेस क्रीक ही वस्ती समुद्रसपाटीच्या 58 मीटर खाली, बॅडवॉटरचं मिठाचं मैदान 86. दरी खोल नि अरुंद. तापून वर गेलेली हवा डोंगरांत अडकते, पुन्हा खाली येते आणि येताना दाबली जाऊन आणखी तापते. 10 जुलै 1913 रोजी फर्नेस क्रीकला 56.7 अंशांची नोंद झाली, जगातला विक्रमच तो.

बॅडवॉटरच्या मिठावर फोटो काढण्यात माझा वेळ गेला. परतताना ऊन मी म्हणत होतं. हेल्मेटची काच वर केली, तर नागपुरात दुपारभर उन्हात राहिलेल्या कारचं दार उघडल्यावर येते तशी वाफ तोंडावर आली. हवा अंगापेक्षा गरम असली की वारा गार करत नाही, शेकतो. घाम तर दिसतच नव्हता, जागीच वाळत होता. त्यात रेडिएटरची हवा उजव्या नडगीवर. मी जाळीचं जॅकेट घातलं होतं, म्हणजे शुद्ध मूर्खपणा. आई बाहेर पडताना डोक्याला-कानाला दुपट्टा बांधायला लावायची, तेच खरं. 2024 च्या जुलैत इथे एका मोटरसायकलस्वाराचा उन्हाने जीव गेला. हवा फार तापली की विरळ होते, मग रुग्णांचं हेलिकॉप्टरही उडत नाही.

फर्नेस क्रीकला नळाखाली टी-शर्ट भिजवला. गार पाण्याच्या नळाला आंघोळीचं पाणी! ओल्या टी-शर्टवर पावसाळी जॅकेट चढवलं, चेन गळ्यापर्यंत लावली, फक्त बाह्यांची तोंडं सैल ठेवली. वारा बाह्यांतून शिरायचा आणि मी खसच्या ताट्यांचा चालता-फिरता कूलर व्हायचो. पाऊण तास ओल टिकली. बाजूला लोक 117 फॅरनहाइट, म्हणजे 47 अंश दाखवणाऱ्या पाटीसमोर हसत फोटो काढत होते. माझा फोन तापून कधीच बंद पडला होता.

बीटीला पोचलो तर एकाच भिंतीला सावली, आणि तिथे गावातली दोन रानटी गाढवं उभी. मी पुढची चाकं सावलीत सारली. त्यांनी ढिम्म हलायचं नाव घेतलं नाही. या गाडीला रिव्हर्स गिअर असतो, तो दिवसभरात तिथे पहिल्यांदा वापरला.