आमची वाटचाल : एका तारेपायी

वागळे इस्टेटमधल्या भाड्याच्या गाळ्यात, जुन्या एचएमटी लेथवर मामांनी आणि मी सुरुवात केली तेव्हा पंपाचे बुश काढायचो. हेलिकॉप्टर आम्ही जुहूला कंपाउंडबाहेरून पाहिलेलं, तेवढंच. पुढे रबाळ्याला स्वतःचा गाळा झाला, सीएनसी आली, ते सगळं ठीक. सांगायचंय ते नोटाबंदीच्या वर्षाचं.

तेव्हा बंगळुरूच्या एका हेलिकॉप्टरच्या सीट बनवणाऱ्यांना आम्ही एनर्जी अॅब्सॉर्बरचे, म्हणजे धक्का जिरवणाऱ्या भागाचे, रोलर आणि तारा द्यायचो. हेलिकॉप्टर आपटलं की सीटचं बकेट, म्हणजे बसायचा भाग, खाली सरकतं आणि स्टीलची तार रोलरमधून वाकत, सरळ होत ओढली जाते. धक्का त्यात जिरतो. तार कडक निघाली तर सीट सरकतच नाही, सगळा मार कण्यावर. मऊ निघाली तर सीट भसकन तळाला जाऊन आदळते, मार तरीही कण्यावरच. 1989 च्या अमेरिकी नियमाप्रमाणे चाचणीत पुतळ्याच्या कमरेवर 1500 पौंडांच्या, म्हणजे 680 किलोच्या वर भार चालत नाही. आणि तार ओढायला लागणारा जोर जातो व्यासाच्या घनावर: जाडी एक टक्का वाढली की जोर तीन टक्के. म्हणून मामा मायक्रोमीटरला कुणाला हात लावू देत नसत. सकाळी आले की आधी शून्य बघायचे, मग तार तीन जागी, आडवी-उभी मोजायचे, मग चहा.

तरी घात झालाच. साठ तारांचा लॉट परत आला. व्यास चोख, पण निम्म्या तारांचा जोर चढा. डीलरने दोन हीटचा, म्हणजे भट्टीच्या दोन वेगळ्या वितळणींचा, माल एकाच सर्टिफिकेटवर खपवला होता. चुकलो आम्हीही, कागद बघितला, हार्डनेस नाही बघितली. पण डीलर फोन उचलेना, आणि आमच्याच गल्लीतल्या एकाने ‘त्यांच्याकडे माल मिक्स होतो’ असं बंगळुरूला कळवून कमी दराचं कोटेशन टाकलं. हाच माणूस आमच्याकडून टॅप-डाय उसने न्यायचा! अकरा महिने ते काम बंद. पोरांच्या पगारासाठी मामींच्या पाटल्या गहाण पडल्या.

त्यातच मामांनी हार्डनेस मोजायचं एक सेकंडहँड विकर्स मशीन उचललं. मी चिडलो होतो, खोटं कशाला बोलू. प्रत्येक कॉइलच्या दोन्ही टोकांचा तुकडा कापायचा, बेकेलाइटच्या गोळीत बसवायचा, पॉलिश करून टोचा मारायचा. दिवसदिवस हेच.

मग बंगळुरूच्या साहेबांनी स्वतःहून एक कॉइल पाठवली. पीओ (खरेदीची ऑर्डर) नाही, काही नाही. ‘ओढा आणि ग्राफ पाठवा.’ जोराचा ग्राफ सुरुवातीला चढला आणि मग शेवटपर्यंत आडवा, जमिनीसारखा सपाट. मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तो कागद अजून टूल कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

नव्या मुलांनो, हीट नंबर मालाच्या चलनावर लिहून घेतल्याशिवाय टेम्पो सोडू नका. आणि हेलिकॉप्टरने केदारनाथला जाणारे असाल तर सीटखाली बॅग कोंबू नका. सरकणारी सीट असेल तर ती मोकळी जागा तिच्यासाठीच ठेवलेली असते.

गल्लीतल्या त्या गृहस्थांचा मुलगा मागच्या महिन्यात तारेचे तुकडे घेऊन आला, हार्डनेस काढून द्याल का म्हणून. मामांनी काढून दिली. बिल मी केलं, जीएसटीसकट.