मुलं सांभाळायला ट्रेनिंग कशाला? विक्रोळीतून लिहिते

बऱ्याच जणींनी मेसेज करून विचारलं की तू तिकडे अमेरिकेत दुसऱ्यांची मुलं सांभाळायचं ट्रेनिंग घेतलंस म्हणजे नक्की काय केलंस, आपल्या आज्यांनी काय कोर्स केले होते का. सध्या सुट्टीला विक्रोळीला आईकडे आलेय आणि इथे बिल्डिंगमध्ये या विषयावर एवढं बोलणं झालं की आता सगळं नीट लिहूनच काढते.

आम्ही राहतो फ्रीमॉन्टला. कॅलिफोर्नियात मारहाण, दुर्लक्ष, घरातलं व्यसन अशा कारणांनी काही मुलांना कोर्टाच्या आदेशाने घरापासून लांब ठेवावं लागतं, मग ती शक्यतो नातेवाईकांकडे आणि तसं कोणी नसेल तर आमच्यासारख्या कुटुंबांकडे राहतात, आईवडील सावरले की परत जातात. 2017 पासून तिथे नातेवाईक असो की परका, मंजुरीची पद्धत सगळ्यांना एकच. बोटांचे ठसे, घराची तपासणी, मुलाखती आणि मंजुरीच्या आधी कमीत कमी 12 तासांचं ट्रेनिंग, पुढे दर वर्षी 8 तास. सख्ख्या आजीलासुद्धा. मला यातलं हेच सगळ्यात पटलं, कारण आजीचं प्रेम कितीही असलं तरी धक्का बसलेलं मूल असं का वागतंय हे प्रेमातून आपोआप कळत नाही, ते कोणीतरी बसून सांगावं लागतं. (आमच्याकडे राहिलेल्या मुलांबद्दल इथे काहीच लिहिणार नाही, तो त्यांचा खाजगी भाग आहे आणि नियमही तसाच आहे.)

ट्रेनिंगमध्ये एक सुटकेसचा व्यायाम असतो. तिकडे नॅशनल चाइल्ड ट्रॉमॅटिक स्ट्रेस नेटवर्क नावाचं मोठं जाळं आहे, 2000 साली अमेरिकन संसदेने सुरू केलेलं, त्यांच्या अभ्यासक्रमातला हा व्यायाम. मूल तुमच्या घरी येताना कपड्यांबरोबर एक न दिसणारी सुटकेसही आणतं, तिच्यात स्वतःबद्दल, मोठ्या माणसांबद्दल आणि जगाबद्दल त्याच्या मनात बसलेले समज असतात. मी वाईट आहे म्हणून मला मार पडला, मोठी माणसं शेवटी सोडूनच जातात, कुठेच सुरक्षित नाही. आणि मग नवीन घरात ते मूल तुम्हाला चिडवून, ओरडून, ढकलून बघतं की तुम्हीही तसेच निघता का. तुम्ही रोज, न कंटाळता, तसे निघायचं नाही, त्या सुटकेसमध्ये हळूहळू दुसरं काहीतरी भरायचं. ऐकायला सोपं वाटतं, करायला फार जड आहे.

दुसरी गोष्ट क्रमाची. ब्रूस पेरी नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांनी मांडलेला क्रम असा की आधी मुलाचं शरीर शांत होऊ द्या, मग जवळीक, आणि समजावणं सगळ्यात शेवटी. घाबरलेल्या मेंदूचा विचार करणारा भाग त्या वेळी नीट काम करत नसतो, तेव्हा दिलेलं लेक्चर डोक्यात शिरतच नाही, आणि आपण मात्र सगळेच ते नेमकं त्याच वेळी देतो.

आता विक्रोळीचं. आमच्या बिल्डिंगमध्ये एक आजी आहेत, 2021 च्या कोविडच्या लाटेत मुलगा आणि सून दोघंही गेले, तेव्हापासून नातू आणि नात त्यांच्याकडे. नातू लहान, नात आता कॉलेजात जायच्या वयाची. आजी आईकडे येऊन रडल्या, म्हणाल्या पोरगा दप्तरात चपात्या आणि बिस्किटं लपवतो, मुंग्या होतात, आणि ॲम्ब्युलन्स गेली की टेबलाखाली जाऊन बसतो, नाटकं करतो. लाल बहादूर शास्त्री मार्गावरून दिवसातून कितीतरी ॲम्ब्युलन्स जातात हो! आईने मग रविवारी सोसायटीच्या ऑफिसात चार-पाच बायकांना बोलावलं आणि मला म्हणाली तू तिकडे जे शिकलीस ते आमच्या भाषेत सांग.

मी सांगितलं की आजी, हे नाटक नाही. आईबाबांना नेलं तेव्हा तोच आवाज होता, आता तो आवाज आला की त्याच्या शरीराला वाटतं परत कोणालातरी न्यायला आले. तेव्हा त्याला ओढून बाहेर काढू नका, तुम्हीच खाली त्याच्याजवळ बसा, हळू आवाजात सांगा की गाडी रस्त्यावरून चाललीय, मी इथेच आहे, पाय जमिनीला टेकव, या खोलीत काय काय दिसतंय सांग बघू. शांत झाला की लगेच विषय उकरायचा नाही. आणि चपातीसाठी त्याच्या नावाचा एक झाकणाचा डबा ठेवा, त्यात कायम काहीतरी असेल आणि तो केव्हाही उघडू शकेल असं सांगा. खायला मिळणारच याची खात्री पटली की लपवणं बहुतेक वेळा कमी होत जातं. फक्त कितीही राग आला तरी शिक्षा म्हणून तो डबा काढून घ्यायचा नाही.

एका काकूंनी तिथेच विचारलं, "अगं म्हणजे काहीही केलं तरी लाडच करायचे का?" चांगला प्रश्न. नाही काकू, नियम हवेतच, उलट अशा मुलांना जेवायची-झोपायची वेळ ठरलेली असली की बरं वाटतं, पुढे काय होणार ते माहीत असतं. फक्त मारायचं नाही आणि "जाऊन राहा मग कुठेतरी" असं रागातसुद्धा म्हणायचं नाही. ज्याचं एकदा सगळं गेलंय त्याला ते खरंच वाटतं.

नातीचं वेगळं. ती बोलतच नाही, दार आपटते, रात्रभर मोबाईल. मोठ्या मुलांमध्ये दुःख खूपदा रागाच्या रूपातच बाहेर येतं. तिला समोर बसवून "बोल ना काय होतंय" विचारण्यापेक्षा भाजी निवडताना, बसमध्ये, बाजारात शेजारी शेजारी असताना बोलणं जास्त होतं, आणि छोटे निर्णय तिच्याकडे द्यावेत. आजी म्हणाल्या घरात आम्ही तिच्या आईचं नावच काढत नाही, त्रास नको म्हणून. मला वाटतं इथे आपल्याकडे सगळ्यांचंच होतं असं, चांगल्या मनानेच होतं, पण मुलं त्याचा अर्थ असा घेतात की आईबद्दल बोलायला बंदी आहे. फोटो बाहेर असू दे, आईच्या हातच्या भाजीची आठवण निघू दे, तिला नको असेल तर ती सांगेल.

आपल्याकडे काहीच नाही असं अजिबात नाही. 1098 ही चाइल्डलाइन, म्हणजे अडचणीतल्या मुलांसाठीची फोन हेल्पलाइन, 1996 मध्ये इथेच मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेमध्ये 'संवाद' हा उपक्रम मुलांसोबत काम करणाऱ्यांना शिकवतो. राज्याच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलांसाठी महिन्याला 2250 रुपये मिळतात. माझं कळकळीचं म्हणणं एवढंच की या पैशाबरोबर सांभाळणाऱ्या माणसाला दोन दिवस कोणीतरी शिकवावं, आज्यांना, मामांना, आणि बालगृहातल्या गृहमातांना तर आधी, कारण एकेका बाईच्या अंगावर किती मुलं असतात ते तिथे जाऊन बघा.

आणि सांभाळणाऱ्याला सुट्टी! तिकडे याचीही सोय असते, दुसरं मंजूर कुटुंब एक-दोन दिवस मुलं बघतं. आजींनी पण त्या वर्षी स्वतःचा मुलगा गमावलाय, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आता ठरलंय की गुरुवारी संध्याकाळी मुलं आईकडे जेवतील आणि आजी भजनाला जातील, शनिवारी सकाळ दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे. आणि रात्री-अपरात्री फारच जड झालं तर 14416, टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे आणि फुकट आहे, मराठीतही बोलतात. तो नंबर आजींच्या फ्रिजवर लावलाय, तुम्हीही लिहून ठेवा.