चाक हवेत फिरलं म्हणजे हायड्रो चांगला असं नाही

शनिवार, ओहायो

कब कॅडेट १४५० ची मागची बाजू आज स्टँडवर चढवली, पुढच्या चाकांना ठोकळे लावले आणि हायड्रो, म्हणजे गियरऐवजी ऑइलच्या दाबाने चाकं फिरवणारा भाग, टेस्टला घेतला एकदाचा. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा सत्तरच्या दशकातला गार्डन ट्रॅक्टर आहे, कोहलरचं १४ हॉर्सपॉवरचं एका सिलिंडरचं इंजिन आणि मागे हायड्रोस्टॅटिक. माझ्याकडे यायच्या आधी बरीच वर्षं कुणाच्या तरी शेडमध्ये पडून होता, त्यामुळे जुनं ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं निघालं. म्हणजे आत पाणी. मग सगळं धुवून नवीन फिल्टर आणि ७ क्वार्ट, आपल्या हिशोबात साडेसहा लिटरच्या वर, हायट्रान (इंटरनॅशनल हार्वेस्टरचं स्वतःचं हायड्रॉलिक ऑइल) भरलं. (स्वस्तातलं कुठलंही हायड्रॉलिक ऑइल चालतं म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नये.)

सुरुवातीला इंजिन हळू ठेवून लिव्हर नुसता जरा पुढे जरा मागे करत राहिलो, आतली हवा निघेपर्यंत कण्हल्यासारखा आवाज येतोच, त्यात घाबरायचं काही नाही, लेव्हल बघून वरून ऑइल टाकायचं. मग पुढे टाकला, चाकं मस्त फिरली. रिव्हर्स टाकला तर काहीच नाही!

तेवढ्यात गावाहून काकांचा व्हिडिओ कॉल. त्यांचं आयुष्य गियरवाल्या ट्रॅक्टरवर गेलेलं, म्हणाले "अरे गियर बदलायचाच नाही तर वेग कशानं कमी-जास्त करतोस?" सांगितलं की इंजिन पंप फिरवतं, पंपात एक तिरकी प्लेट असते, लिव्हर ढकलला की तिचा कोन वाढतो, जेवढा कोन तेवढं ऑइल मोटरकडे जातं आणि मोटर चाकं फिरवते. प्लेट सरळ झाली की न्यूट्रल, दुसऱ्या बाजूला झुकली की रिव्हर्स. काका म्हणे "मग तेवढी प्लेट झुकत नसंल, बघ की." झुकत होती, पण माणूस बरोबर दिशेला होता.

कारण पुढे जोर आहे म्हणजे पंप आणि मोटर जिवंत आहेत. दोन्ही दिशांना वेगवेगळा चेक व्हॉल्व्ह (ऑइल एकाच बाजूने जाऊ देणारी झडप) असतो, त्यातला एक उघडा अडकला की त्या बाजूचं प्रेशर पळून जातं. टनेलचं, म्हणजे चेसिसच्या मधल्या पोकळीचं, कव्हर काढून व्हॉल्व्ह बाहेर घेतला, बोटाने दाबला तो आत गेला आणि तिथेच बसला, वर यायचं नावच नाही. काळा चिकट गाळ. क्लीनरचे फवारे, कापड, परत फवारे, असं करत करत शेवटी दाबून सोडला की टक्कन वर यायला लागला. बसवला आणि रिव्हर्स आला.

आता खरी गोष्ट. विकणारे लोक चाकं हवेत फिरवून व्हिडिओ टाकतात आणि खाली लिहितात हायड्रो एकदम ओके, मला त्याचा राग येतो. हवेत चाकावर लोड कुठला? आणि थंड ऑइल जाड असतं, ते झीज झाकून ठेवतं. तापून पातळ झालं की पंप-मोटरमधल्या घासलेल्या पिस्टनच्या बाजूने गळायला लागतं, मग सकाळी धावणारा ट्रॅक्टर दुपारी चढावर रडतो. म्हणून स्टँडवरून उतरवल्यावर आधी मागचं अंगण कापलं, गवत ओलं आणि चांगलंच वाढलेलं, केसिंगला हात लावता येईना एवढं तापू दिलं आणि मग घरामागच्या चढावर घातला. अर्ध्यात थांबवून तिथूनच हळूहळू लिव्हर पुढे केला. इंजिन दबलं, हायड्रोचा आवाज बदलला, पण चढला बाबा.

राहिलं ते न्यूट्रलचं. लिव्हर न्यूट्रलला असला तरी ट्रॅक्टर हळूच पुढे सरकतो. लिंकेज ॲडजस्ट करून बघितलं, थोडा फरक पडला पण मजा नाही, ट्रनियनचे (लिव्हरने ती तिरकी प्लेट झुकवणाऱ्या भागाचे) स्लॉट घासून रुंद झालेत. ते वेल्डिंगने भरून परत आकारात घासावे लागणार आणि त्यासाठी बरंच काही उघडावं लागणार. पण पंपावर खर्च नाही हे नक्की झालं, तेव्हा ट्रॅक्टरला द्यायच्या पिवळ्या रंगाचे डबे तूर्तास कपाटातच, आधी वेल्डिंग.